फ्रँकेन्स्टाइनचा 'राक्षस' पुस्तकात बोलतो

सपाट टाळू, मानेत दोन खिळे, जडशीळ चाल आणि तोंडातून नुसती गुरगुर. 'फ्रँकेन्स्टाइन' म्हटलं की हेच रूप डोळ्यांपुढे येतं. पण ते मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीतलं नाही. १९३१ साली जेम्स व्हेलनं काढलेल्या चित्रपटासाठी रंगभूषाकार जॅक पिअर्सनं ते बोरिस कार्लॉफच्या चेहऱ्यावर घडवलं.

फ्रँकेन्स्टाइन हे नावही त्या जिवाचं नाही, त्याला घडवणाऱ्याचं आहे. आणि तो 'डॉक्टर' नव्हे. इंगोलस्टाटच्या विद्यापीठात शिकणारा तरुण, व्हिक्टर. त्यानं घडवलेल्या जिवाला कादंबरीत नावच नाही. १८२३ साली लंडनमध्ये या कथेचं नाटक आलं, तेव्हा पात्रांच्या यादीत त्याच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. मेरीनं ते नाटक पाहिलं आणि ती रेघ तिला आवडली.

आकाशातली वीज आणि ठिणग्या उडवणारी यंत्रंही पडद्यावरची. कादंबरीत नोव्हेंबरची रात्र आहे, खिडकीवर पाऊस वाजतोय, मेणबत्ती संपत आलीय आणि व्हिक्टर एकटा आहे. कुबडा मदतनीस नाहीच. जीव कसा ओतला ते व्हिक्टर सांगत नाही. आपल्यासारखा नाश दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून तो ते मुद्दाम लपवतो.

इथवरचे बदल मला खटकत नाहीत, पडद्याला देखावा लागतोच. खरं नुकसान मेंदूच्या प्रसंगानं केलं. चित्रपटात मदतनिसाच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते आणि तो गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. म्हणजे तो जीव जन्मतःच दुष्ट ठरला! मेरीनं नेमकं उलट लिहिलं आहे. तिचा जीव निर्मळ मनानं जन्मतो. त्याचा निर्माता त्याला पाहताक्षणी पळून जातो. तो जीव एका झोपडीच्या आडोशाला लपून, आतल्या माणसांचं बोलणं ऐकत भाषा शिकतो. रानात सापडलेल्या पेटीतली मिल्टन, प्लूटार्क आणि ग्योटे यांची पुस्तकं वाचतो. झोपडीतला आंधळा म्हातारा त्याच्याशी प्रेमानं बोलतो, पण डोळस मुलगा येताच त्याला काठीनं झोडपतो. तो खून करतो, पण या सगळ्यानंतर.

एकच प्रसंग दोन्हीकडे ताडून पाहावा. चित्रपटात तो एका लहान मुलीला, फुलांसारखी तीही तरंगेल या भाबड्या समजुतीनं, तळ्यात टाकतो आणि ती बुडते. कादंबरीत नदीत पडलेल्या मुलीला तो प्रवाहातून ओढून काढतो, आणि तिच्या सोबत्याची गोळी खातो. कार्लॉफनं डोळ्यांतून जी करुणा दाखवली ती थोर आहे, पण स्वतःची बाजू मांडायला त्याला शब्द दिलेच नाहीत. कादंबरीत तो कितीतरी प्रकरणं स्वतः बोलतो.

आणखी एक हट्टी समज: ही कादंबरी मेरीचा पती, कवी पर्सी शेली यानं लिहिली. पहिली आवृत्ती निनावी निघाली आणि तिची प्रस्तावना पर्सीची होती, म्हणून हा संशय टिकला. पण ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात हस्तलिखित जपलेलं आहे. मजकूर मेरीच्या हातचा आहे, पर्सीच्या दुरुस्त्या मधूनमधून दिसतात. १८१६च्या उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ तिनं ही कथा लिहायला घेतली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती.