आधी बाराखडी, मग एबीसीडी



दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या मदतनिधीतून आपण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांचं एक भलंमोठं खोकं पाठवलं होतं, ते सभासदांना आठवत असेल. मागच्या ऑगस्टमध्ये मुलांच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं मुद्दाम वाट वाकडी करून त्या शाळेत गेलो. गुरुजींनी प्रेमाने चहा पाजला, कपाट उघडून दाखवलं. पुस्तकं आत होती. कोरी करकरीत! "पोरांना वाचताच येत नाही, तर बाहेर काढून काय करू?" गुरुजी ओशाळून म्हणाले. खरं तर ओशाळायला आम्हीच हवं होतं. खोकं पाठवण्यापूर्वी एवढी साधी चौकशी आम्ही केली नव्हती.

चौथीच्या वर्गात गेलो. मुलांनी उभं राहून, एका सुरात, ताल धरून 'ई-एल-ई-पी-एच-ए-एन-टी, एलिफंट' म्हणून दाखवलं. अम्ब्रेलाचं स्पेलिंगही घडाघडा आलं. मग आमच्यापैकी एकीने फळ्यावर एम, ए, पी अशी तीन अक्षरं लिहिली आणि विचारलं, हे काय? वर्ग गप्प. पुढच्या बाकावरची एक मुलगी धीर करून म्हणाली, "बाई, ह्ये आमाला पाठ न्हाई दिलं."

सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आहे. मुलं हुशार आहेत, पाठांतर दांडगं आहे. पण एलिफंट लिहिता येणाऱ्या मुलाला मॅप वाचता येत नसेल तर तो इंग्रजी वाचायला शिकलेलाच नाही. त्याने एक मंत्र पाठ केला आहे.

आपल्यातले बरेच जण मराठी शाळेत पाचवीत एबीसीडी शिकले आणि पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढले. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. वय अलीकडे आलं, पद्धत मात्र पुष्कळ ठिकाणी तीच राहिली. अक्षराचं नाव शिकवायचं आणि स्पेलिंग घोकून घ्यायचं.

इथे इंग्लंडमध्ये आपल्या मुलांचं काय होतं ते पाहा. रिसेप्शनमध्ये ती एबीसीडीच्या क्रमाने शिकत नाहीत. बऱ्याच शाळांत पहिली अक्षरं येतात ती एस, ए, टी, पी, आय, एन. आणि अक्षराच्या नावाआधी त्याचा ध्वनी शिकवतात. एवढ्या सहा अक्षरांत सॅट, पिन, टॅप, टिन, नॅप असे कितीतरी शब्द वाचता येतात. यालाच फोनिक्स म्हणतात. २०१२ पासून इयर वनच्या शेवटी मुलांची एक छोटी तपासणी होते. चाळीस शब्द वाचायचे, त्यांतले निम्मे चक्क बनावट, कुठल्याच कोशात नसलेले! पालक म्हणून आम्हाला पहिल्यांदा हसू आलं होतं. पण बनावट शब्द पाठ करून येता येत नाही. मूल तो वाचतंय की आठवतंय, ते लगेच कळतं.

आता गंमत अशी, की ही पद्धत मराठी मुलाला परकी नाहीच. बाराखडी म्हणजे काय? क् ला आ जोडला की का, इ जोडली की कि. ध्वनी जोडून वाचायचं हे पहिलीतल्या मुलाला मराठीत येत असतं. मग इंग्रजीच्या तासाला आपण ते विसरायला का लावतो? सी, ए, टी ही नावं कितीही वेळा म्हटली तरी त्यांतून कॅट निघत नाही. क्, ॲ, ट् असं म्हटलं की निघतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि तिच्यावर सगळं अवलंबून आहे. आपल्या प्रत्येक व्यंजनात अ दडलेला असतो. बी म्हणजे 'ब' असं शिकवलं, तर मूल 'ब-ॲ-ट' असं म्हणतं, आणि तिथे बॅट ऐकू येत नाही. अक्षराचा पाय मोडून 'ब्' म्हणायला शिकवलं की काम झालं. पाय मोडणं मुलांना मराठीच्या तासाला ठाऊक असतंच. दुपारी आम्ही अर्धा तास हाच खेळ खेळलो. एम म्हणजे म्, पी म्हणजे प्, मध्ये ॲ. शाळा सुटायच्या आत मॅप, टॅप आणि कॅप वाचून झाले. म्हणून आमचं मत असं, की ज्याची बाराखडी कच्ची आहे त्याला इंग्रजीची घाई करू नये. आधी मराठी पक्कं करावं.

अर्थात सगळं एवढं सोपं नाही. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी साधारण ४४. त्यामुळे दोन अक्षरं मिळून एक ध्वनी करावा लागतो, आणि सी-एच कधी चर्चमध्ये च, कधी स्कूलमध्ये क, तर कधी मशीनमध्ये श होतो. मुलं वैतागतात. तेव्हा त्यांना 'चंद्र' आणि 'चाक' म्हणायला सांगावं. च एकच, उच्चार दोन, आणि कुणी शिकवलेलं नसताना आलेले! शेवटचा मुका ई मुलांना भारी आवडतो. एच-ओ-पी हॉप, पुढे ई लावला की होप. के-आय-टी किट, पुढे ई लावला की काइट. स्वतः गप्प बसतो आणि आधीच्या स्वराला त्याचं नाव घ्यायला लावतो. आमचा एक मित्र म्हणाला, सासूबाईंसारखा. (हे वाक्य छापू नका असं कमिटीने सांगितलं होतं.) 'द', 'वॉज', 'सेड' असे थोडे शब्द मात्र पाठच करावे लागतात. आणि व्ही-डब्ल्यूचं काय? आपल्याला दोन्हीला व एकच. उच्चारावरून मुलांना फार छळू नये. आपण इथे इतकी वर्षं काढून कुठे सुधारलो?

व्याकरणाचं थोडक्यात. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं मध्ये. आपण 'टेबलावर' म्हणताना 'वर' मागे लावतो, त्यांचा 'ऑन' पुढे येतो. आणि ती खुर्ची म्हणून मूल खुर्चीला 'शी' म्हणतं. ही मराठीचीच सवय आहे. फुली मारण्यापेक्षा दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दाखवली तर मूल पुन्हा फारसं चुकत नाही.

गुरुजींना यातलं काही कुणी शिकवलेलं नव्हतं. दोष त्यांचा नाही. चार इयत्तांना दोन शिक्षक, शिवाय वरून येणारी कागदपत्रं. तरी त्यांनी आमच्याकडून सगळं वहीत उतरवून घेतलं.

म्हणून या वर्षीच्या कार्यक्रमातून जमणारा निधी त्या तालुक्यातल्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांच्या शिबिरासाठी वापरायचं मंडळाने ठरवलं आहे. दिवाळीनंतर दोन दिवस, येण्या-जाण्याचा खर्च, जेवण आणि प्रत्येक वर्गाला अक्षरपत्त्यांचा एक संच. टॅब्लेट द्यावेत अशी सूचना काही देणगीदारांनी केली. त्यांच्याबद्दल आदर राखून सांगतो, तो खर्च आत्ता नको. खोक्याची चूक आम्ही एकदा केली आहे.

पुस्तकांचं दुसरं खोकंही एवढ्यात कुणी भरू नये, ही विनंती. परवा गुरुजींचा फोन आला होता. साताठ पुस्तकं कपाटाबाहेर आली आहेत. एकाचं मुखपृष्ठ फाटलं म्हणून ते माफी मागत होते.