चिपळूणचे निसर्गमित्र : एका हौशी मंडळाची वाटचाल

‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था १९९२ साली चिपळुणात स्थापन झाली. विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे हे तिचे संस्थापक. पक्षी पाहावेत, रान हिंडावे आणि पाहिलेले नीट लिहून ठेवावे, इतक्या साध्या आवडीतून अशी मंडळे उभी राहतात. या मंडळाला चिपळूणचे स्थान फार सोयीचे ठरले. पूर्वेला कुंभार्ली घाट चढला की कोयनेचे जंगल लागते आणि पश्चिमेला गुहागरचा समुद्र. गावातून वाहणाऱ्या वाशिष्ठीत मगरी आहेत आणि पुढे दाभोळच्या खाडीपर्यंत खारफुटीचा पट्टा आहे. घाटमाथा, नदी, खाडी आणि किनारा ही चारही ठिकाणे एका दिवसाच्या अंतरात असलेली गावे महाराष्ट्रात थोडीच आहेत.

हौशी अभ्यासकांच्या मंडळांची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमधील हेरफर्ड येथे १८५१ साली निघालेल्या वूलहोप क्लबचे सभासद १८६८ पासून दर शरद ऋतूत अळंब्या शोधायला रानात जाऊ लागले. डॉक्टर, पाद्री, जमीनदार अशी ही मंडळी होती. त्यांच्या या फेऱ्यांतून वाढलेल्या आवडीचा ब्रिटिश मायकोलॉजिकल सोसायटीच्या १८९६ च्या स्थापनेत मोठा वाटा होता. आपल्याकडे मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. तिच्या मूठभर संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. पहिले प्रार्थना समाजाचे संस्थापक, तर दुसरे वनस्पतींचे जाणकार. महाराष्ट्रातील निसर्गाभ्यासाच्या पायात हौशी माणसांचे श्रम आहेत, हे यावरून ध्यानात यावे. चिपळूणच्या संस्थेने या परंपरेत एक महत्त्वाची भर घातली. निरीक्षण करून ती थांबली नाही. जे नष्ट होताना दिसले ते वाचवण्याची जबाबदारी तिने अंगावर घेतली.

संस्थेच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचा शोध. कोकणात याला काकण म्हणतात. हा पक्षी किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काटक्यांचे प्रचंड घरटे बांधतो आणि त्याचीच डागडुजी करून ते वर्षानुवर्षे वापरतो. घरट्याखाली माशांचे काटे आणि समुद्रसर्पांचे अवशेष पडलेले सापडतात. झाड तुटले की अनेक वर्षांचे घर जाते, म्हणून कुठल्या गावात कोणत्या झाडावर घरटे आहे याची नोंद ठेवणे गरजेचे होते. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गचा किनारा गावोगाव पालथा घातला. या पायपिटीचा पुढे अनपेक्षित लाभ झाला. किनाऱ्यावरची माणसे ओळखीची झाली आणि वाळूत काय चालले आहे तेही कळू लागले.

वेंगुर्ल्याच्या समुद्रातील खडकाळ बेटांवरचे काम वेगळ्या स्वरूपाचे होते. तेथील गुहांत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. गुहेच्या काळोखात हा पक्षी टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो आणि आपल्या लाळेने घरटे खडकाला चिकटवतो. हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये या वसाहतीविषयी लिहिले होते. पूर्वेकडील देशांत अशा घरट्यांचे सूप करतात आणि त्याला मोठी किंमत येते. त्या बाजारासाठी वेंगुर्ल्याची घरटी चोरली जात असल्याचे २००० सालाच्या आसपास संस्थेच्या लक्षात आले. चोर गुहेत बांबूची परांची बांधून घरटी खरवडत होते. संस्थेने वनविभागाला सोबत घेऊन ही चोरी उघडकीस आणली आणि पुढे विणीच्या हंगामात गुहांवर लक्ष ठेवले. या पक्ष्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. समुद्रातल्या बेटावर पहारा ठेवणे खर्चाचे आणि जोखमीचे असते, हे ध्यानात घेतले तर या कामाची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झालेली नाही.

संस्थेचे नाव सर्वदूर झाले ते कासवांमुळे. मंडणगड तालुक्यातील वेळास हे बाणकोटच्या खाडीजवळचे गाव, नाना फडणवीसांचे म्हणून ओळखले जाणारे. २००२ साली समुद्री गरुडाच्या कामानिमित्त तेथे गेलेल्या कार्यकर्त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केल्यावर कळले की ऑलिव्ह रिडले जातीची कासवे दरवर्षी या किनाऱ्यावर अंडी घालतात आणि बहुतेक अंडी माणसे खाण्यासाठी व विकण्यासाठी काढून नेतात. उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जातात. ओरिसात लाखो कासवे एकदम किनाऱ्यावर येतात हे सर्वांना माहीत होते. कोकणात मात्र ती एकेकटी आणि रात्री येतात, त्यामुळे अभ्यासकांचे त्यांच्याकडे फारसे लक्ष गेले नव्हते. गावकऱ्यांना ती माहीत होती, पण त्यांना कोणी विचारले नव्हते.

त्याच हंगामात राखण सुरू झाली. पहिल्या वर्षी सुमारे पन्नास घरटी राखली गेली आणि दोन हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली. राखणीला गावातलीच माणसे नेमली, आणि हाच निर्णय सर्वांत शहाणपणाचा ठरला. कासवाचा माग काढणे बाहेरून आलेल्याला सहजी जमत नाही.

नोव्हेंबर ते मार्च या काळात भल्या पहाटे किनाऱ्याची फेरी होते. पाण्यातून वर आलेला आणि परत गेलेला असा वल्ह्यांच्या खुणांसारखा दुहेरी माग वाळूत दिसला की त्याच्या टोकाशी घरटे असते. काठीने हलके चाचपले की जिथे वाळू भुसभुशीत लागते तिथे हाताने उकरतात. दीडेक फूट खाली शंभर-सव्वाशे पांढरी, मऊ कवचाची अंडी असतात. ती एकेक मोजून, न फिरवता उचलतात आणि पहिल्या काही तासांतच कुंपण घातलेल्या जागेत नेतात, कारण उशीर झाला की आतल्या जिवाला धक्का लागतो. तेथे मादीने खणला होता तसाच, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा खड्डा करून अंडी ठेवतात. वर पाटी लावून तारीख आणि अंड्यांची संख्या लिहितात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले वाळू वर सारत बाहेर येतात. तो काळ जवळ आला की घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात आणि आलेली पिल्ले पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात, म्हणजे ती आपल्या पायांनी समुद्रात जातात. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, त्यामुळे घरट्यांवर सावली किती असावी हाही प्रश्न असतो. घरटे हलवणे हा नाइलाजाचा उपाय आहे. जिथे चोरीचे आणि कुत्र्यांचे भय नाही तिथे ते मूळ जागीच राखणे चांगले.

पहाऱ्याला पैसा लागतो आणि अंडी विकून मिळणारे उत्पन्न बंद झालेल्या गावालाही काही मिळायला हवे. यातून २००६ मध्ये वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्याच हातचे जेवतात आणि पहाटे-संध्याकाळी पिल्ले समुद्रात जाताना पाहतात. हॉटेल न बांधता घराघरांत पैसा गेला. अंडी राखण्यात गावाचा फायदा आहे हे भाषणाने पटले नसते, ते या व्यवस्थेने पटले. अंजर्ले, गुहागर आणि इतरही किनाऱ्यांवर हे काम पसरले आणि ‘कासवमित्र’ अशी ओळख सांगणारी तरुण पिढी गावोगाव तयार झाली. गर्दीचा धोकाही याच यशातून आला. प्रकाशझोत, आरडाओरडा, पिल्लू हातात घेऊन फोटो काढण्याचा हट्ट यांना आवर घालणे हे आता महोत्सव भरवणाऱ्यांचे रोजचे काम झाले आहे.

पुढे वनविभागाने आणि त्याच्या कांदळवन कक्षाने हे काम हाती घेतले. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या सहकार्याने पाच माद्यांना उपग्रह टॅग लावण्यात आले. प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी अशी त्यांची नावे. पहिली टॅग लावलेली प्रथमा वेळासची. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर २०२१ साली ओरिसात लावलेली धातूची पट्टी सापडली. पूर्व किनाऱ्यावरची कासवे पश्चिम किनाऱ्यावरही येतात याचा हा ठोस पुरावा होता. किनाऱ्यावर रोज पहाटे फिरणारी माणसे होती म्हणूनच तो हाती लागला.

गिधाडांच्या बाबतीत लढाई कठीण होती. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मरतात हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्या औषधाच्या पशुवापरावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे देशभरातून जवळपास नाहीशी झाली होती. कोकणात उरलेल्या वसाहतींवर संस्थेने लक्ष ठेवले. मूळ कारण गावपातळीवर सुटण्यासारखे नव्हते, त्यामुळे येथे कासवांसारखे यश मिळणे शक्यच नव्हते.

अलीकडचे मोठे काम खवले मांजराचे आहे. मुंग्या आणि वाळवी खाणारा हा निशाचर प्राणी संकट आले की अंगाचे वेटोळे करून पडून राहतो. बिबट्यापुढे उपयोगी पडणारी ही सवय माणसापुढे घातक ठरते, कारण पोत्यात भरायला तो सोपा जातो. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. खवल्यांच्या चोरट्या व्यापारामुळे २०१६ साली खवले मांजरांच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा ठराव झाला. संस्थेने रानात कॅमेरे लावले, गावोगाव बैठका घेतल्या आणि चिपळूण तालुक्यातील डुगवे गावात जागतिक खवले मांजर दिनाच्या निमित्ताने ‘खवलोत्सव’ भरवला. ग्रामदेवतेचे देऊळ आणि शिमग्याच्या परंपरा यांच्याशी या प्राण्याला जोडून घेण्याची ही रीत कोकणाला रुचणारी आहे. ज्या प्राण्याला गावाने आपल्या सणात जागा दिली त्याची शिकार उघडपणे करणे अवघड होते.

कोकणात आता अशी इतरही मंडळे आहेत. देवरुखची ‘सह्याद्री संकल्प सोसायटी’ धनेशांसाठी काम करते आणि आंबोलीचा ‘मलबार नेचर कॉन्झर्वेशन क्लब’ तेथील बेडूक-सापांच्या अभ्यासासाठी ओळखला जातो. तरी एक मोठे क्षेत्र अजून मोकळे आहे. पावसाळ्यात कोकणातल्या घराघरांत अळंब्या येतात. त्यांतल्या सर्वांत चविष्ट अळंब्या वाळवीच्या वारुळावर उगवतात. वाळवी आपल्या वारुळात ही बुरशी जोपासते आणि माणसाला तिची लागवड अजून साधलेली नाही. कोणत्या जागी, कोणत्या पावसानंतर, कोणती अळंबी येते आणि कोणती विषारी, हे ज्ञान आजही गावातल्या बायामाणसांच्या तोंडी आहे. गरुडाची झाडे आणि कासवाची घरटी जशी टिपली गेली, तशीच ही माहिती जागा, तारीख आणि स्थानिक नावासह टिपली जायला हवी. चिपळूण, गुहागर, संगमेश्वर भागातील महाविद्यालयांच्या निसर्गमंडळांनी आणि हौशी मंडळींनी येत्या मृगापासूनच या कामाला लागावे.