कर्जातून बाहेर : लेखांक 7
नादारीचा अर्ज करावा का?

मागच्या लेखांकात आपण घरातली सगळी कर्जं एका कागदावर मांडली. ती बेरीज डोळ्यांसमोर आली की पुष्कळांच्या मनात एकच प्रश्न येतो : सरळ दिवाळं जाहीर केलं तर? हा प्रश्न विचारण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. न फिटणाऱ्या कर्जातून माणसाची सुटका व्हावी, ही गोष्ट आपल्या कायद्याला फार पूर्वीपासून मान्य आहे. 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, त्यात गांजलेल्या कुळाला नादारी मागण्याची सोय होती.

आजची स्थिती मात्र विचित्र आहे. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठी स्वतंत्र भाग आहे. अगदी गरिबांना नव्याने सुरुवात करता यावी, अशी तरतूदही त्यात आहे. पण 1 डिसेंबर 2019 पासून हा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी जुनेच दोन कायदे आहेत. मुंबई शहरासाठी 1909 चा, त्याचं काम उच्च न्यायालयात चालतं. उरलेल्या महाराष्ट्रासाठी 1920 चा, त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. पाचशे रुपयांहून जास्त देणं असलं की अर्ज करता येतो, यावरूनच हे कायदे किती जुने आहेत ते कळेल. संसदेने लिहिलेलं एवढी वर्षं कागदावरच ठेवणं हा कर्जदारांवरचा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका कारखान्यातला कामगार. हातात पगार येतो 42,000 रुपये. क्रेडिट कार्डाची थकबाकी 1,80,000. बँकेच्या वैयक्तिक कर्जाचा हप्ता साडेअकरा हजार. शिवाय पगारदार पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज. त्याचा साडेपाच हजारांचा हप्ता पगारातूनच कापला जातो आणि त्याला खात्यातलेच दोन सहकारी जामीन आहेत.

यातलं सगळ्यात घातक कर्ज कार्डाचं. दरमहा साडेतीन टक्के दर धरला तर महिन्याचं व्याज 6,300 रुपये होतं आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 1,134. ‘किमान रक्कम’ म्हणून त्याने 9,000 भरले, तर मुद्दलातून जेमतेम दीड हजार कमी होतात. महिनोन्‌महिने नऊ हजार भरूनही आकडा हलत नाही तो यामुळे. दोष त्याच्या शिस्तीचा नाही.

या माणसाने नादारीचा अर्ज केला तर काय होईल? न्यायालयाने त्याला नादार ठरवलं की त्याची मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि बिनतारण घेणेकऱ्यांना परस्पर वसुली करता येत नाही. घर गहाण असेल तर त्या बँकेचा घरावरचा हक्क मात्र तसाच राहतो. अर्जाच्या आधी दोन वर्षांत घर किंवा जमीन बायको-भावाच्या नावावर बक्षीसपत्राने केली असेल, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. पुढचा टप्पा मुक्ततेच्या आदेशाचा. मालमत्तेतून देण्याच्या रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर ही परिस्थिती आपल्या दोषामुळे आली नाही हे न्यायालयाला पटवून द्यावं लागतं. आजारपण, कारखाना बंद पडणं, घरातला कमावता माणूस जाणं, याची कागदपत्रं इथे कामी येतात. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणी, पोटगी आणि फसवणुकीतून झालेली देणी सुटत नाहीत. मुक्तता मिळेपर्यंत आमदार-खासदार होता येत नाही, कंपनीचा संचालकही होता येत नाही.

हे सगळं एक वेळ सोसता येईल. मला खरी अडचण वाटते ती जामीनदारांची. कर्जदार मुक्त झाला तरी जामीनदार मुक्त होत नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळवेल आणि ज्यांनी भरवशावर सही केली त्या दोघांच्या मागे लागेल. एकाच्या मुलीचं लग्न तोंडावर असेल, दुसऱ्याचं घर अर्धवट बांधून पडलं असेल. म्हणून माझा सल्ला असा : नादारीचा विचार करण्याआधी यादीतल्या प्रत्येक कर्जासमोर लिहा की हे थकलं तर कोणाच्या गळ्याला फास लागतो. ज्या कर्जाला जामीन आहे आणि ज्यावर राहतं घर गहाण आहे, त्यांचे हप्ते आधी भरा. कार्ड आणि वैयक्तिक कर्ज त्यानंतर.

अनेकजण नेमकं उलट करतात. जो जास्त फोन करतो त्याला आधी पैसे देतात. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नातेवाइकांना धमकावणं तर सर्वस्वी बेकायदा आहे. तारीख-वेळ टिपून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

बिनतारण कर्जाबाबत बँक तडजोडीला तयार होते, विशेषतः तीन महिने हप्ते थकून खातं अनुत्पादित झाल्यावर. मुदत वाढवून हप्ता कमी करून घेता आला तर उत्तम. ते जमलं नाही तर एकरकमी तडजोड. ठरलेली रक्कम आणि ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असलेलं बँकेचं पत्र हाती आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडेल आणि नवं कर्ज मिळणं अवघड होईल. आज ज्याला नवं कर्ज घ्यायचंच नाही, त्याने या शेऱ्याचं फार ओझं मानू नये. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

समजा, बँकेने दावा जिंकला. तरी कर्ज फेडता आलं नाही एवढ्यावरून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगितलं आहे. ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याची गोष्ट वेगळी. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून सुटतात. आपल्या उदाहरणातल्या कामगाराचे महिन्याला फार तर साडेतेरा हजारांच्या आसपास कापले जातील आणि एका हुकूमनाम्यासाठी तेही एकूण 24 महिनेच. भांडीकुंडी, कारागिराची हत्यारं आणि स्त्रीचं मंगळसूत्र यांना हात लावता येत नाही. चेक न वटल्याचा खटला मात्र फौजदारी असतो आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोरे चेक कोणाला देऊन ठेवले असतील, तर त्यांची नोंद आजच करा.

हप्ता भरण्यासाठी खासगी सावकाराच्या दारात जाऊ नका. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करता येते.

मग नादारी कोणासाठी? ज्याची कमाई थांबली आहे किंवा ती वाढण्याची शक्यता नाही, ज्याच्या कर्जाला जामीनदार नाही आणि ज्याची देणी पाच-सात वर्षं पोटाला चिमटा काढूनही फिटणार नाहीत, त्याने हा अर्ज जरूर करावा. नाशिकच्या आपल्या कामगाराने करू नये. त्याचं कार्ड तडजोडीने मिटू शकतं, बँकेकडून मुदत वाढवून घेता येते आणि पतसंस्थेचा हप्ता चालू राहू शकतो.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून घरी बसू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना उत्पन्नाची कुठलीही अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. कामगारांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही मिळतो. 15100 या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. नोटीस हातात असेल तर तिच्यावरची तारीख उलटण्याच्या आत जा.