दगडांची साक्ष, भाग ७ : कबर देवळालीत, नाव खडकीत

मागच्या रविवारी आपण वीरगळांपाशी थांबलो होतो. खालच्या चौकटीत लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवपिंडीपुढे बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. नाव बहुधा कुठेच नाही. आजची गोष्ट उलटी आहे. नावं आहेत, हुद्दा आणि पलटणीसकट आहेत. फक्त ती नाशकात नाहीत.

नाशिकजवळचं देवळाली कॅम्प म्हटलं की आपल्याला थंड हवा आणि तोफखान्याच्या सरावाचे आवाज आठवतात. पण इथल्या बराकी बांधल्या गेल्या त्या विलायतेहून येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या मुक्कामासाठी. मुंबईला उतरलेल्या तुकड्या रेल्वेने थळ घाट चढून इथे येत आणि मुदत संपलेले शिपाई परतीच्या बोटीची वाट बघत इथेच पडून राहत. बोटी ठरावीक हंगामातच सुटत. हंगाम हुकला की कित्येक महिने रिकामपण, ऊन, दारू आणि हिवताप. त्यात डोकं फिरलेल्याला सोबती म्हणत, याला ‘डुलाली टॅप’ झाला. डुलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे चक्क आपला ताप. चक्रम माणसाला इंग्रजीत आजही ‘डुलाली’ म्हणतात. आपल्या गावाचं नाव जगभर पोचलं तेही असं!

पहिल्या महायुद्धात देवळाली हे इस्पितळांचं गाव झालं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जखमी आणि आजारी झालेले सैनिक बसऱ्याहून बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने इथे येत. वेल्सचं ३४ नंबरचं जनरल हॉस्पिटल १९१६ पासून इथे होतं. जे वाचले नाहीत त्यांना इथल्या सरकारी दफनभूमीत मूठमाती मिळाली. पुढे देशभर विखुरलेल्या अशा कबरींची निगा राखणं अशक्य झालं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच नावांना पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत जागा देण्यात आली. पहिल्या महायुद्धाच्या तिथल्या स्मारकावर १८०० हून अधिक नावं आहेत, त्यांत देवळालीत पुरलेलेही आहेत. माणूस नाशिकच्या मातीत आणि नाव मुळा नदीच्या काठी.

आता दुसरी बाजू. त्याच मेसोपोटेमियात आपली माणसं कुठे गेली? तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. अन्न संपलं, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि पुढे कैदेत शेकडो मेले. त्या मोहिमेत पडलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशांचं स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याला उभं राहिलं. चाळीस हजारांवर सैनिकांसाठी ते बांधलं, पण भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं दगडावर चढली. साध्या शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली एक आकडा. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमावरून ते सबंध स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. आकडेसुद्धा जागेवर राहिले नाहीत. या भेदभावाबद्दल युद्धकबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने माफी मागितली ती थेट २०२१ मध्ये.

गावात तरी वेगळं काय झालं? महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी सापडते. मजकूर सगळीकडे जवळपास तोच : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साच्यातला मजकूर, त्यात फक्त आकडा बदलायचा. बहुतेक पाट्या इंग्रजीत, म्हणजे ज्या आईचा मुलगा गेला तिला वाचता न येणाऱ्या. वीरगळावर नाव नसलं तरी निदान ढाल-तलवारीचा माणूस दिसतो आणि गाव त्याला शेंदूर लावतं. या पाटीला कोणी नारळ फोडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. दिवाळीच्या आधी तिच्यावरून चुन्याचा हात मात्र फिरतो.

नाव एकाच ठिकाणी राहिलं. त्या युद्धातल्या शिपायांना एक पदक मिळालं होतं, लढणाऱ्यांना चांदीचं, खेचरं हाकणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या बऱ्याच जणांना काशाचं. एका बाजूला पंचम जॉर्जचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा माणूस. आपण या दोन बाजू बघतो आणि ठेवून देतो. खरं बघायचं ते कडेवर : तिथे बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कितीतरी पदकं दुष्काळात चांदीच्या भावाने सोनाराकडे गेली. तुमच्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत एखादं उरलं असेल तर उन्हात तिरपं धरा, कड वाचा आणि मला कळवा.

(पुढच्या रविवारी : रामशेज)