बोस्नियाचे प्रक्षेपण : नियम युरोपचे, लगाम कोणाचा?

डिसेंबर १९९५ मधील डेटन कराराने बोस्निया-हर्झगोव्हिनातील तोफा थंडावल्या. दूरचित्रवाणीवरील विखार मात्र ओसरला नाही. अखेर ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘नाटो’प्रणीत सैन्याने सर्ब कट्टरपंथीयांचे प्रक्षेपण मनोरे ताब्यात घेतले. परंतु सैन्याचा पहारा कायमचा असू शकत नाही. म्हणूनच १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधींनी स्वतंत्र माध्यम आयोग स्थापन केला. २००१ मध्ये तो दूरसंचार नियामकात विलीन होऊन एकच संदेशवहन नियामक संस्था अस्तित्वात आली आणि २००३ च्या कायद्याने तिची स्वायत्तता मान्य केली. परवाने, दंड आणि द्वेषमूलक प्रसारणास बंदी या बाबतीत तिने युरोपीय निकषांची कास धरली.

खरा पेच यापुढचा आहे. नियमांचा मसुदा ब्रुसेल्सकडे पाहून तयार करता येतो. नियामकांच्या नेमणुका मात्र साराएव्होतील सत्ताधाऱ्यांच्याच हाती राहतात. बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट पक्षांच्या वाटावाटीत त्या अडकतात. तीन सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या निधीचा तिढाही त्याच राजकारणातला. २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने घातलेल्या १४ प्राधान्य अटींत सार्वजनिक प्रसारणाच्या आर्थिक स्थैर्याचा समावेश होता. डिसेंबर २०२२ मध्ये देशाला उमेदवारीचा दर्जा मिळाला, मार्च २०२४ मध्ये वाटाघाटींना तत्त्वतः हिरवा कंदीलही मिळाला.

परकीय प्रशासकाच्या आदेशाने जन्मलेली स्वायत्तता स्वदेशी संसद जपणार काय, याचे उत्तर मात्र ब्रुसेल्स देऊ शकत नाही. ते साराएव्होलाच द्यावे लागेल.