मदेरा बेटाचें दीर्घायुषी मद्य

‘मदेरा’ हें नांव कानीं पडतांच मराठी श्रोत्यास ‘मदिरा’ हा शब्द आठवणें साहजिक आहे. परंतु या दोन शब्दांचें नातें केवळ ध्वनीचें आहे. पोर्तुगीज भाषेंत ‘मदेरा’ म्हणजे लांकूड. लिस्बनच्या नैर्ऋत्येस सुमारें हजार किलोमीटरांवर अटलांटिक महासागरांत हें डोंगराळ बेट आहे. १४२० च्या सुमारास पोर्तुगीज लोक तेथें वस्तीस आले, तेव्हां तें दाट अरण्यानें झांकलेलें होतें, म्हणून त्यास हें नांव पडलें. पुढें रान तोडून तेथें ऊंस व द्राक्षें लावण्यांत आलीं. आणि लांकडाच्या नांवाचें हें बेट जगांत प्रसिद्ध झालें तें मात्र आपल्या मद्यामुळें.

दुर्मिळ व अतिजुन्या मद्यांचे जे रसिक युरोप-अमेरिकेंत आहेत, त्यांच्या यादींत मदेराचें स्थान फार वरचें असतें. मद्य प्यावें कीं पिऊं नये, हा प्रश्न येथें बाजूस ठेवला तरी एक कुतूहल उरतेंच. द्राक्षाचा रस हा मूळचा नाशवंत पदार्थ. तो शंभर-दीडशें वर्षें, क्वचित् दोनशें वर्षेंही, टिकून कसा राहतो?

साधें द्राक्षमद्य उघडें राहिलें तर हवेंतील प्राणवायु व सूक्ष्म जंतु त्यास गांठतात आणि थोड्याच दिवसांत त्याचा शिरका होऊं लागतो. उष्णतेनेंही तें बिघडतें. म्हणूनच तें थंड तळघरांत ठेवण्याची रीत आहे. मदेराच्या बाबतींत पहिली तजवीज अशी कीं, रस आंबत असतांच त्यांत द्राक्षांपासून काढलेला तीव्र मद्यार्क मिसळतात. त्यामुळें आंबण्याची क्रिया थांबते आणि मद्यार्काचें प्रमाण शेंकडा १७ ते २० पर्यंत जातें. हा मद्यार्क लवकर मिसळला तर रसांतील साखर शिल्लक राहून मद्य गोड होतें, उशिरां मिसळला तर कोरडें होतें. पोर्ट व शेरी हीं मद्यें याच कुळांतलीं. परंतु मदेरानें त्यापुढें आणखी एक पाऊल टाकलें, आणि तें टाकण्यास कारण झालीं जहाजें.

मदेराचें फुंशाल बंदर हें युरोपांतून आफ्रिका, अमेरिका व हिंदुस्थान यांकडे जाणाऱ्या जहाजांचा मुक्काम होता. ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें तेथें पाणी, अन्न व मद्याचीं पिंपें भरून घेत आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें येत. या एका खेपेंत विषुववृत्त दोनदां ओलांडावें लागे. महिनेच्या महिने तीं पिंपें तळाच्या कोंदट उष्णतेंत हेलकावे खात पडून असत. अशा प्रवासानें मद्य नासावें, ही अपेक्षा. परंतु अनुभव उलटा आला. तें अधिक मुरलेलें व अधिक सुगंधी होऊन निघालें. मुंबईंतील इंग्रज व्यापाऱ्यांच्या मेजावर तें आवडीनें ठेवलें जाऊं लागलें. जीं पिंपें हिंदुस्थानची फेरी करून परत लंडनास जात, त्यांना तर विशेष किंमत येई. पोर्तुगीज भाषेंत अशा मद्यास ‘फेरीचें मद्य’ असेंच नांव पडलें.

केवळ ऊब देण्यासाठीं पिंपास समुद्रप्रवास घडविणें फार खर्चाचें काम होतें. म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बेटावरच कृत्रिम ऊब देण्याचा प्रघात पडला. आज स्वस्त प्रतीचें मद्य पोलादी टाक्यांत ४५ ते ५० अंश उष्णतेवर निदान तीन महिने ठेवतात. उत्तम मद्याची रीत मात्र संथ आहे. त्याचीं पिंपें वखारींच्या माळ्यांवर लांकडी तुळयांवर मांडतात आणि तीं उन्हाच्या उबेंत वर्षानुवर्षें राहूं देतात. पिंपाच्या लांकडांतून थोडें मद्य दरसाल उडून जातें आणि हवा आंत शिरते. एकाच सालाच्या व एकाच उच्च जातीच्या द्राक्षांचें सर्वश्रेष्ठ मद्य बाटलींत भरण्यापूर्वीं किमान वीस वर्षें पिंपांत ठेवलें पाहिजे, असा तेथील नियम आहे. कांहीं मद्यें पिंपांत शंभर वर्षेंही राहिलेलीं आहेत. फार आटूं लागल्यास तीं कांचेच्या मोठ्या बुधल्यांत काढून ठेवतात.

आतां दीर्घायुष्याचें रहस्य स्पष्ट होईल. हवा व उष्णता हे मद्याचे दोन शत्रु. मदेरानें या दोघांचाही मारा उमेदवारीच्या काळांतच सोसलेला असतो. जें बिघडावयाचें तें आधींच पालटून गेलेलें असतें. त्यांत भर म्हणजे तेथील द्राक्षांचा आंबटपणा मूळचाच तीव्र असल्यानें कितीही गोड मद्य मिळमिळीत होत नाहीं. म्हणून या मद्याची बाटली उघडली तरी तें पुष्कळ आठवडे चांगलें राहतें. वयाबरोबर त्यांत सोटोलोन नांवाचें एक सुगंधी द्रव्य वाढत जातें. तें आपल्या घरांतील मेथीच्या दाण्यांतही असतें. मेथीचा परिचित वास मुख्यतः त्याचाच.

द्राक्षांच्या जातींवरून मदेराचे चार प्रमुख प्रकार पडतात: कोरडा सर्सियाल, त्याहून किंचित् मऊ व्हर्देल्यो, गोडसर बोआल आणि सर्वांत गोड माल्व्हाझिया. तेरान्तेझ ही पांचवी जात अति दुर्मिळ. गोडीबरोबर येणाऱ्या तिच्या किंचित् कडवटपणावर रसिक लुब्ध असतात. १७९५ व १८६२ या सालांच्या तेरान्तेझचीं नांवें ते मोठ्या आदरानें घेतात.

ही दुर्मिळता केवळ काळाची करणी नव्हे. १८५२ च्या सुमारास आपल्या नाशिककडील बागाइतदार जिला भुरी म्हणतात, त्या बुरशीनें बेटावरील मळ्यांचा फडशा पाडला. त्यांतून तें सांवरतें न सांवरतें तोंच १८७२ सालीं फायलॉक्सेरा नांवाच्या मुळें शोषणाऱ्या किडीनें वेली मारल्या. कित्येक व्यापारी बेट सोडून गेले. जे उरले त्यांनीं शिल्लक जुना सांठा पुरवून वापरण्यासाठीं पिंपांतून थोडें काढावें व तेवढेंच नवें भरावें, असा मार्ग धरला. या पद्धतीस ‘सोलेरा’ म्हणतात. यामुळें ग्राहकानें एक गोष्ट जाणून असावी: बाटलीवर ‘सोलेरा’ हा शब्द व एखादें जुनें साल असेल, तर तें साल त्या सांठ्याच्या आरंभाचें असतें, आंतील सर्व मद्य त्या सालाचें नसतें.

जुन्या पिंपांच्या कथाही सुरस आहेत. १८१५ सालीं नेपोलियनला सेंट हेलेनास नेणारें जहाज फुंशाल येथें थांबलें, तेव्हां १७९२ च्या मद्याचें एक पिंप त्याजबरोबर देण्यांत आलें, असें सांगतात. त्यानें तें उघडलें नाहीं. १८२१ सालीं तो निवर्तल्यावर पिंप बेटावर परत आलें आणि १८४० मध्यें त्याच्या बाटल्या भरल्या गेल्या. अलीकडे, २०१७ सालीं, अमेरिकेंत न्यू जर्सी येथील लिबर्टी हॉल या जुन्या वाड्याच्या दुरुस्तींत दारूबंदीच्या काळीं घातलेल्या भिंतीमागें १७९६ च्या मदेराच्या पेट्या सांपडल्याचें जाहीर झालें.

अशा बाटलीच्या मालकापुढें मोठा पेंच असतो. ती न उघडावी तर आंत काय आहे हें कोणासही कळत नाहीं. उघडावी तर जगांतील त्या सालाचा तेवढा अंश कायमचा संपतो. ज्या वेलींचीं तीं द्राक्षें होतीं, त्या वेली आज नाहींत. यावर उपाय एकच, आणि तो बेटावरील कांहीं पेढ्या आजही करीत आहेत. चांगल्या सालाचीं कांहीं पिंपें न विकतां त्या माळ्यावर चढवितात. त्यांत भांडवल अडकून पडतें, दरसाल माल आटतो, आणि त्याचा पूर्ण मोबदला पाहण्यास पेढीचा आजचा मालक बहुधा नसतो. दोनशें वर्षांपूर्वींच्या मालकांनींही हेंच केलें होतें, म्हणूनच आज जुनें मदेरा कोठें कोठें शिल्लक आहे.