सावळ्या रंगाचे काय झाले? : चित्रकथांतील रंग, उजेड आणि भाव

चित्रकथेचे पान उलटले की आधी रंग दिसतो, मजकूर नंतर. चौकट निळ्या-काळ्या रंगाने भरलेली असेल तर काही तरी अघटित घडणार, हे संवादाचा फुगा वाचण्यापूर्वीच मनाला कळलेले असते. तरीही चित्रकथांवर लिहिताना आपण कथानकाबद्दल बोलतो, फार तर रेषेबद्दल, रंगाबद्दल क्वचितच. नायगाव-नांदेडच्या रद्दीवाल्यांकडून जमवलेले जुने अंक भिंगाखाली धरून पाहण्याचा छंद मला बरीच वर्षे आहे. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

सुरुवात आपल्याच गोदाकाठापासून करू. एकोणिसाव्या शतकातील पैठणची चित्रकथी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने सांगत. या चित्रांत ठसठशीत रेषा, मोठे वाटोळे डोळे आणि सपाट लाल-पिवळे रंग आहेत. सावली मात्र कुठेही नाही. उजेड कुठून येतो, हा प्रश्नच चित्रकाराला पडलेला नाही. माझ्या मते याचे एक कारण असे की, उजेड चित्राच्या बाहेर होता. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात लाल रंग उठून दिसतो आणि निळा काळवंडतो. हलत्या ज्योतीसमोर धरलेल्या चित्राला भाव आणण्याचे अर्धे काम ती ज्योतच करीत असे.

रंग आणि भाव यांची सांगड तर आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग नेमून दिला आहे : रौद्राला लाल, करुणाला पारव्यासारखा करडा, अद्भुताला पिवळा, वीराला गोरा, भयानकाला काळा. आणि शृंगाराला श्याम. ही शेवटची नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

छापील चित्रकथा आली आणि उजेड कागदात शिरला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाने 1964 मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पुढे ते मराठीतही आले आणि ली फॉकचा फँटम आपला ‘वेताळ’ झाला. या वेताळाच्या पोशाखाची कथा उद्बोधक आहे. 1936 मध्ये तो वर्तमानपत्रात आला तेव्हा कृष्णधवल होता; फॉकच्या मनात करडा रंग होता. 1939 मध्ये रविवारची रंगीत पाने सुरू झाली आणि तो जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये तो निळा झाला, इटलीत लाल. कथा तीच, पण जांभळा वेताळ हिरव्या जंगलात गूढ दिसतो आणि लाल वेताळ रागीट. भाव ठरवण्यात लेखकाइतकाच छापखान्याचाही हात असतो, तो असा.

तो हात कसा चालतो हे भिंगातून कळते. फोर कलर छपाईत शाया चारच : आकाशी निळी, राणी, पिवळी आणि काळी. बाकी सगळे रंग म्हणजे लहान-मोठ्या ठिपक्यांची दाटी. त्यात स्वस्त कागद शाई शोषून घेतो, ठिपके फुगतात, बारीक छटा मरतात. म्हणून चित्रकाराने काही ठरावीक युक्त्या शोधल्या. रात्र काळी न रंगवता निळी रंगवायची. सगळेच काळे केले तर आकृत्या बुडतात. या युक्तीला आपल्या डोळ्यांचीही साक्ष आहे. तिन्हीसांजेला अंगणातली जास्वंद पाहा. लाल फूल आधी काळे पडते, पाने मात्र बराच वेळ ओळखू येतात. मंद उजेडात डोळा तांबड्याला पारखा होतो, निळ्या-हिरव्याला नाही. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या शरीरशास्त्रज्ञाने हे नोंदवून ठेवले आहे. दुसरी युक्ती खालून येणाऱ्या उजेडाची. सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे भुवया, नाक, हनुवटी यांच्या सावल्या खाली पडलेल्या पाहण्याची आपल्याला सवय असते. शेकोटीचा उजेड खालून आला की ओळखीचा चेहराही भेसूर होतो. तिसरी युक्ती, संतापाच्या क्षणी मागचे घर-झाड पुसून नुसता लाल रंग भरण्याची. तिथे तर भरताचा रौद्ररसच उतरतो.

आता मूळ मुद्दा. अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ने आपल्या दोन-तीन पिढ्यांची पुराणांशी ओळख करून दिली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा चित्रकारांचे तिच्यावर मोठे ऋण आहे. सुरुवातीच्या अंकांत खर्च वाचवण्यासाठी पिवळा, निळा, हिरवा एवढ्यावरच भागवले जाई. पूर्ण रंग नंतर आले. पण त्या रंगांची वाटणी कशी झाली? देव आणि राजपुत्र बहुतेक गुलाबी-गोरे, असुर बहुतेक तपकिरी वा काळपट. नंदिनी चंद्रा आणि कार्लाइन मॅक्लेन या अभ्यासकांनी या मालिकेवर ग्रंथ लिहिले आहेत आणि हा आक्षेपही आता नवा नाही. मला त्यात छपाईची बाजू जोडायची आहे.

गोरी त्वचा म्हणजे विरळ ठिपक्यांतून दिसणारा कोरा कागद. तिच्यावर डोळ्यांची, ओठांची रेषा स्वच्छ उमटते. तपकिरी त्वचेला तीन शाया एकावर एक पडतात, रंग गढूळ होतो, चेहऱ्यावरचा भाव हरवतो. कृष्णाचा निळा मात्र जवळजवळ एकाच शाईत निघतो, म्हणून नितळ. म्हणजे सावळ्या माणसाच्या वाट्याला भेसूरपणा आला त्याला शाईही काही अंशी जबाबदार. पण काही अंशीच. त्वचेचे रंग कोणाला कोणते द्यायचे हे शाई ठरवत नाही, माणूस ठरवतो. ज्याच्या नावाचाच अर्थ काळा, तो कृष्ण आकाशी झाला. ज्या विठ्ठलाला वारकरी सावळा म्हणून आळवतात, त्याच्या मुलुखातली पोरे गोऱ्या देवांची आणि काळ्या राक्षसांची पुस्तके वाचत मोठी झाली. श्याम हा शृंगाराचा रंग होता, हे आपण विसरलो आणि भयानकाचा काळा तेवढा ध्यानात ठेवला. मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या मुलाने पानात आपल्यासारखा चेहरा शोधला, तर तो त्याला बहुधा कोणाच्या बाजूला सापडला असेल?

आज चित्रकथा रंगवणाऱ्या तरुणांसमोर संगणक आहे, कागदही चांगला आहे. सावळ्या गालावर पडलेले ऊन, काळ्या कपाळावरची घामाची चमक हे सारे आता छापता येते. छापखान्याची सबब उरलेली नाही. घरातल्या मुलांबरोबर एखादी चित्रकथा वाचाल तेव्हा एकदा संवाद हाताने झाकून नुसते पान पाहा. उजेड कुठून येतो आहे आणि तो कोणाच्या चेहऱ्यावर पडला आहे, एवढे मुलांना विचारा.